कोकणात घरच्या घरी बंदुकीला कोल्ड ब्लूइंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालवण ते देवगड या पट्ट्यात बंदूक म्हणजे बागेची राखण. काजू-नारळाच्या बागेत माकडं आणि भातात डुक्कर शिरतात, म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरटी नाही तरी वाडीला एक-दोन बंदुका असतात. आमच्या घरात वडिलांची बारा बोअरची एकनळी आहे. मी लेथवर काम करणारा माणूस, लोखंड रोज हाताखालून जातं, त्यामुळे नळीवरचा काळा रंग उडाला की आजूबाजूचे लोक मला विचारतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

कोल्ड ब्लूइंग म्हणजे नेमकं काय?

नळी गरम न करता, बाटलीतलं द्रव बोळ्याने लावून लोखंड काळं-निळं करण्याची पद्धत. द्रवात बहुधा सेलेनियम डायऑक्साइड, कॉपर सल्फेट आणि थोडं आम्ल असतं. ते पोलादाला लागलं की तांब्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि सेलेनियमशी जोडून काळा होतो. कारखान्यातून आलेल्या बंदुकीचं काळेपण वेगळं असतं. तिथे लोखंडाच्याच वरच्या पापुद्र्याचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर केलेलं असतं. म्हणजे कारखान्यातलं काळेपण लोखंडाचं स्वतःचं, आणि आपलं वरून चढवलेलं. हा फरक डोक्यात ठेवला की पुढची बरीच उत्तरं आपोआप कळतात.

मग याने गंज थांबतो का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून वरच सांगतो. कोल्ड ब्लूइंग रंग देतं, संरक्षण जवळजवळ देत नाही. नळीला गंजापासून वाचवतं ते तिच्यावरचं तेल. काळ्या थराचा उपयोग इतकाच की तो तेल किंचित धरून ठेवतो आणि चकाकी घालवतो. कोरड्या मुलखात एवढ्यावर भागत असेल. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारा वारा. मीठ हवेतला ओलावा ओढून लोखंडावर धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसतानाही किनाऱ्यालगतच्या घरात रात्रीतून तांबूस डाग उमटतो. ब्लूइंग केलं आणि तेल लावायला विसरलात, तर न केलेल्या नळीइतक्याच वेगाने ती गंजेल.

मग करायचं तरी कशाला?

बाकी नळी चांगली आहे आणि हाताचा घाम लागून मध्यभागी, तोंडाशी किंवा चापाभोवतीच्या कडीवर पांढरं लोखंड उघडं पडलंय, अशा वेळी याच्यासारखा स्वस्त आणि सोपा उपाय नाही. छोट्या जागा, स्क्रूची डोकी, घासली गेलेली धार, सगळं एका सकाळी होतं. पूर्ण नळी करता येते, पण एकसारखा रंग यायला हात बसावा लागतो. माझं मत विचाराल तर कोल्ड ब्लूइंग डागडुजीसाठीच वापरावं.

कारखान्यात ब्लॅकोडायझिंग करतात, तिकडेच टाकली तर?

कोल्हापूर-सांगलीकडे बोल्ट, टूल, पार्ट ब्लॅकोडायझिंग करून देणारे पुष्कळ आहेत. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटच्या उकळत्या पाण्यात, साधारण १४० अंश सेल्सिअसला, माल काळा करतात. थर आपल्या बाटलीपेक्षा नक्की चांगला बसतो. पण अडचणी दोन आहेत. एक, बंदूक किंवा तिची नळी परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात देता येत नाही. दोन, दुनळी असेल तर तिच्या नळ्या आणि वरची पट्टी शिसं-कथलाने डाखलेली असते. तो गरम कॉस्टिक डाख खातो आणि पट्टीखालच्या फटीत जाऊन बसतो. मग महिनोन्‌महिने तिथून पांढरी भुकटी बाहेर येते आणि आतून गंज चालू राहतो. दुनळी या पद्धतीने कधीही करू नये. एकनळी करून घ्यायची असेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडूनच.

आपली हवा एवढी दमट, मग गंजवून काळं करायची जुनी पद्धत का वापरू नये?

चांगला प्रश्न आहे आणि तो फार थोडे लोक विचारतात. जुन्या पद्धतीत नळीवर सौम्य आम्ल लावून तिला मुद्दाम बारीक गंज चढवतात, मग उकळत्या पाण्यात घालतात. उकळल्यावर तो लाल गंज काळा होतो. मऊ तारेच्या ब्रशने वरची भुकटी झाडायची आणि पुन्हा तेच. असं सहा-आठ वेळा. थर टिकाऊ बसतो आणि दुनळीच्या डाखालाही धक्का लागत नाही. पण दोन-अडीच फुटांची नळी पूर्ण बुडेल असं लांब भांडं हवं, आठवडाभर सवड हवी, आणि हवेत मीठ नको. समुद्राला लागून घर असेल तर गंज बारीक आणि सारखा न चढता ठिपक्याठिपक्यांनी चढतो आणि खड्डे पाडतो. घाटाच्या पायथ्याला, किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्याने जरूर शिकावी. बाकीच्यांनी बाटली.

कायद्याचं काय? घरी असं करणं चालतं का?

तुमच्या परवान्यावरची तुमची बंदूक साफ करणं, तेल लावणं, उडालेला रंग भरणं ही निगा आहे. सीमा दोन ठिकाणी आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ नुसार बंदुकीवरचा नंबर, नाव किंवा कोणतीही ओळखीची खूण पुसणं, काढणं, बदलणं गुन्हा आहे. आणि नंबर पुसलेली बंदूक तुमच्याकडे सापडली तर तो तुम्हीच पुसला असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. म्हणून नंबराच्या जागी पॉलिश पेपर अजिबात नेऊ नका. माझी पद्धत सांगतो: काम सुरू करण्याआधी नंबरावर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या चिकटवतो आणि परवान्यावरचा नंबर टेपवर पेनाने लिहून ठेवतो. टेपखाली रंग उडालेला असेल तर शेवटी टेप काढून, न घासता, नुसता बोळा फिरवतो. अक्षरं खोलगट असल्यामुळे ती उलट जास्त उठून दिसतात.

दुसरी सीमा दुरुस्तीची. याच कायद्याच्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो. म्हणून शेजाऱ्याची, पाहुण्याची बंदूक घरी आणून, पैसे घेऊन किंवा न घेता, करून देऊ नका. मला लोक आग्रह करतात. मी त्यांना बाटलीचं नाव आणि पद्धत सांगतो, काम त्यांनी त्यांच्या घरी करायचं. चाप, घोडा, कुलूप (म्हणजे बार उडवणारं आतलं यंत्र) यांत बिघाड असेल तर तोही परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच.

सुरुवात कुठून?

बंदूक रिकामी आहे याची खात्री करून. काडतुसाची असेल तर उघडा, डोळ्यांनी बघा, बोट घालून बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. ठासणीची असेल तर नुसतं बघून कळत नाही, आणि कोकणात अपघात इथेच होतात, कारण मागच्या हंगामात भरलेला बार तसाच राहिलेला असतो. गज नळीत शेवटपर्यंत घाला आणि नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा, खूण तोंडाशी धरा. गजाचं टोक निपलच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला केप (ठिणगी देणारी टोपी) बसते त्या बोंडाच्या, जवळ पोचलं पाहिजे. तीन-चार बोटं अलीकडे थांबलं तर आत बार आहे. मग ब्लूइंग विसरा, केप काढून ठेवा आणि बार जाणकार दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्या. अशा नळीला गरम हवा द्यायची नाही, पाणी उकळायचं नाही, काहीही करायचं नाही.

कोणत्या दिवसांत करावं?

दिवाळीनंतर. मार्गशीर्ष-पौषात सकाळी दहाच्या पुढे हवा कोरडी असते, धुतलेली नळी लगेच सुकते आणि हाताला घाम येत नाही. वैशाखात घाम नळीवर टपकतो. पावसाळ्यात करू नयेच. मी एकदा श्रावणात केलं होतं. बोळा लावून होईपर्यंत मागच्या बाजूला पिवळसर झाक आली होती.

सामान काय लागतं आणि कुठे मिळतं?

ब्लूइंगचं द्रव: परदेशी ब्रँडमध्ये बर्चवुड केसीचं पर्मा ब्लू आणि ब्राउनेल्सचं ऑक्सफो-ब्लू नावाजलेले आहेत. टूलरूमला रसायनं पुरवणाऱ्यांकडे पोलाद थंड काळं करायचं रसायन मिळतं, जातकुळी तीच. त्याशिवाय अ‍ॅसिटोन, चार शून्याचं स्टील वूल, ४०० आणि ६०० नंबरचा पॉलिश पेपर, कापूस, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, केस वाळवायचा ड्रायर. आणि बॅटरीचं पाणी, म्हणजे इन्व्हर्टरमध्ये घालतात ते शुद्ध पाणी, अ‍ॅसिड नव्हे. पाच लिटरचा कॅन पुरे. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, त्यात मीठ असतं, आणि मीठच तर आपल्याला टाळायचंय. सगळ्या सामानात लोक या पाण्याला फाटा देतात, आणि नंतर मला डाग दाखवायला येतात.

गंज काढायला आगळ, चिंच, लिंबू चालेल का?

पितळेची समई कोकमाने लखलखते हे बघत आपण वाढलो, त्यामुळे हा प्रश्न येणारच. आगळात मीठ घातलेलं असतं. ते पोलादाला लागलं की लाल गंज सुटतो खरा, पण मीठ बारीक खड्ड्यांत शिरून बसतं आणि दोन आठवड्यांत पुन्हा तिथूनच गंज फुटतो. चिंच-लिंबात मीठ नसलं तरी काम एकसारखं होत नाही. संडास धुवायचं अ‍ॅसिड तर नळीच्या खोलीतही आणू नका. ते हायड्रोक्लोरिक असतं, त्याच्या नुसत्या वाफेनेही शेजारची हत्यारं गंजतात.

वरवरचा तांबूस गंज असेल तर स्टील वूल तेलात बुडवून हलक्या हाताने फिरवा. बऱ्याच वेळा खालचा जुना काळा रंग शाबूत निघतो आणि ब्लूइंगची गरजच राहत नाही. जुना रंग पूर्ण काढायचा असेल तर साधं पांढरं व्हिनेगर कापसाने लावून अर्धा तास ओलं ठेवावं, मग पुसून शुद्ध पाण्याने धुवावं. हार्डवेअरच्या दुकानातलं फॉस्फोरिक आम्लाचं गंजनाशकही चालतं. त्याने मागे राखाडी थर राहतो, तो ६०० च्या पेपरने काढावा लागतो, नाहीतर ब्लूइंग धरत नाही.

पेपर घासताना नळीच्या लांबीच्या दिशेनेच घासा आणि कोपरे गोल करू नका. नळीची धारदार कड एकदा गेली की ती कोणत्याही रंगाने परत येत नाही. खोल खड्डे घासून सपाट करण्याच्या मागेही लागू नये. नळीचं लोखंड पातळ करून देखणेपणा मिळवण्यात अर्थ नाही.

तेल निघालंय हे कसं ओळखायचं?

अ‍ॅसिटोनने पुसा, कापूस बदला, पुन्हा पुसा. बोळा पांढराच राहिला पाहिजे. मग नळीवर शुद्ध पाण्याचे थेंब सोडा. पाणी सलग पसरलं तर साफ आहे, मणी होऊन गोळा झालं तर तेल आहे. स्टील वूललाही कारखान्यातलं तेल असतं, तेही अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून वाळवून घ्यावं. यानंतर उघडं बोट लावायचं नाही. बोटाचा ठसा रंगाखालून जसाच्या तसा वर येतो. अ‍ॅसिटोन चुलीपासून, देवघरातल्या निरांजनापासून लांब, पडवीत किंवा अंगणात वापरा.

लावायचं कसं?

बंदुकीला हात लावण्याआधी एखाद्या जुन्या कोयतीच्या पात्यावर दोन-तीन वेळा करून बघा. पोलाद कसं रंग घेतं ते हाताला कळतं.

नळीच्या दोन्ही तोंडांना रबरी बुचं बसवा, द्रव आत जाता कामा नये. ड्रायरने नळी कोमट करा, हाताला उबदार लागेल इतकी, चाळीस-पंचेचाळीस अंश. गरम लोखंड रंग पटकन आणि खोल घेतं. थोडं द्रव काचेच्या वाटीत काढून घ्या. वापरलेला बोळा मूळ बाटलीत बुडवलात तर बाटली खराब होते.

आता बोळा ओला करा, टपकेल इतका नको, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता एकाच लयीत फिरवा. पहिल्याच क्षणी लोखंडावर तांबूस झाक येते. ती बघता बघता जांभळी होते, मग निळी, मग काळसर. एक वास येतो, ओल्या लोखंडाचा आणि किंचित लसणीसारखा. तो वास हुंगायचा नाही, तोंड बाजूला ठेवायचं. अर्धा ते एक मिनिट जागा ओली ठेवा, वाळू देऊ नका. मग शुद्ध पाण्याने धुवा, स्वच्छ फडक्याने टिपा, आणि स्टील वूल इतक्या हलक्या हाताने फिरवा की फक्त वरची भुकटी जाईल.

पहिल्या हातानंतर रंग फिका आणि ढगाळ दिसतो. इथे लोक घाबरतात आणि जास्त द्रव ओततात. तसं करू नका. पुन्हा कोमट, पुन्हा बोळा, पुन्हा धुणं. चौथ्या-पाचव्या हाताला ढग मिटतात. सहाच्या पुढे फारसा फरक पडत नाही.

चट्टे किंवा तांब्यासारखा रंग राहिला, आता?

चट्टे म्हणजे तेल राहिलं. तेवढ्या जागेवर पुन्हा अ‍ॅसिटोन, पुन्हा वूल, पुन्हा बोळा. तांबूस राहिलं तर द्रव जास्त झालं किंवा वाळलं. वूलने उतरवून कमी द्रवात परत करा. एखादा भाग काहीही केलं तरी राखाडीच राहतो. तो वरून कडक केलेला असतो किंवा मिश्रधातू वेगळा असतो. जुन्या बंदुकांच्या मधल्या पेटीवर, म्हणजे नळी आणि दस्ता यांच्यामधल्या लोखंडी भागावर, हे हमखास होतं. तिथे हट्ट सोडावा.

काम झाल्यावर आठ दिवसांनी नारिंगी रेघा आल्या, असं का?

धुणं कमी पडलं. हे मी स्वतः भोगलंय. वडिलांच्या बंदुकीवर पहिल्यांदा हात चालवला तेव्हा नळी सुंदर काळी झाली होती. मी ती पुसली, तेल लावलं, खुंटीला अडकवली. नवव्या दिवशी चापाभोवतीच्या कडीच्या दोन्ही स्क्रूंच्या खाचेतून आणि नळी दस्त्याला भिडते त्या रेषेवरून नारिंगी पाणी उतरलेलं दिसलं. फटीत द्रवाचे दोन थेंब राहिले होते, तेवढं आम्ल पुरलं. वडील काही बोलले नाहीत, फक्त नखाने ती रेघ खरवडून बघितली. स्क्रूच्या खाचेतला खड्डा अजून आहे.

तेव्हापासून निघणारा भाग काढूनच करतो. शेवटच्या हातानंतर शुद्ध पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्याने धुतो, मग नुसतं शुद्ध पाणी उकळून ते ओततो. उकळत्या पाण्याने लोखंड तापतं आणि फटीतलं पाणी स्वतःच उडून जातं. वर ड्रायर. मग भरपूर तेल लावून रात्रभर तशीच ठेवायची, सकाळी पुसून नवं तेल. हे सलग तीन दिवस. नवा थर पहिल्या चोवीस तासांत नाजूक असतो, त्या वेळात त्याला घासायचं नाही.

कुठे लावू नये?

नळीच्या आत आणि काडतूस बसतं त्या घरात कधीही नाही. स्प्रिंगला नाही, आम्लाने कडक पोलाद ठिसूळ होऊ शकतं. स्टेनलेस रंग घेत नाही. अ‍ॅल्युमिनियमलाही हा रंग चढत नाही. पितळेला लागलं तर ते काळं पडतं, म्हणून पितळी माशी (नळीच्या तोंडाशी नेम धरायचा मणी) असेल तर टेप लावा.

आजोबांच्या दुनळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी आहे. ती काळी करू का?

हात लावू नका. ती डमास्कस नळी असू शकते, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेली. पेपर मारून कोल्ड ब्लूइंग केलंत तर नक्षी बुजते. त्याहून महत्त्वाचं, अशा नळीतून आजची काडतुसं उडवू नयेत. जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय ती भरूच नका.

ठासणीच्या बंदुकीला वेगळी काळजी लागते का?

बाहेरून पद्धत तीच. पण काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढते, म्हणून बार उडवल्यावर त्याच संध्याकाळी नळी गरम पाण्याने धुवायलाच हवी. निपल काढून, गजाला फडकं बांधून, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत. निपलच्या आजूबाजूची जागा सगळ्यात आधी खाल्ली जाते. तिथे खड्डे खोल असतील तर रंगाने झाकू नका. तो भाग स्फोटाच्या सगळ्यात जवळ आहे, तो दुरुस्तीवाल्याला दाखवा.

सरळ काळा ऑइल पेंट मारला तर?

मारतात लोक. पेंटला टाचणीएवढा टवका गेला की आत पाणी शिरतं आणि पेंटच्या आडून गंज पसरतो, दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. तेल लावलेल्या नळीवरचा गंज निदान लगेच दिसतो.

हे विषारी आहे का? उरलेलं पाणी कुठे टाकायचं?

सेलेनियमचं संयुग आहे, विषारीच. कातडीतून शोषलं जातं, पोटात गेलं तर गंभीर होतं. हातमोजे, चष्मा, उघडी हवा यांत तडजोड नाही. श्वासाला लसणीसारखा वास येऊ लागला, मळमळलं, तर काम थांबवून बाटली सोबत घेऊन डॉक्टरकडे जा. वाटी, बोळे स्वयंपाकघरात परत न्यायचे नाहीत आणि बाटली पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवायची नाही.

पाण्याबद्दल कळकळीने सांगतो. तांबं आणि सेलेनियम दोन्ही माशांना घातक आहेत. ते व्हाळात, विहिरीच्या काठावर, माडाच्या बुंध्यात ओतू नका. धुतलेलं सगळं पाणी प्लास्टिकच्या घमेल्यात धरा, कॅनमध्ये भरा आणि एमआयडीसीत प्लेटिंग करणारा, सांडपाण्याची सोय असलेला कारखाना असेल तर विचारून त्याच्याकडे द्या.

खोबरेल तेल लावलं तर चालतं का?

नड असेल तर एक दिवस. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, कालांतराने खवट होऊन चिकट बनतं आणि त्यात धूळ बसते. घोड्याच्या सांध्यात ते गेलं तर यंत्र जड होतं. शिलाई मशीनचं तेल बरं, पण ते लवकर उडतं. पावसाळ्यासाठी गंजरोधक तेल किंवा पातळसर ग्रीसचा हात उत्तम. ज्यांना सोसेल त्यांनी मेणाचं पॉलिश लावावं, हाताचा घाम त्यावर लगेच चढत नाही.

पावसाळ्यात ठेवायची कशी? आणि निवडणुकीत जमा करावी लागली तर?

चिऱ्याची भिंत आषाढात ओल धरते. भिंतीला टेकून, कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत ठेवलेली बंदूक हमखास गंजते, पिशवीच ओलावा धरते. कुलूपबंद लाकडी कपाटात, भिंतीपासून चार बोटं सोडून, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. आठवड्यातून एकदा बाहेर काढून तेलाचं फडकं फिरवणं कशानेही चुकत नाही.

आचारसंहितेत परवान्याची शस्त्रं जमा करून घेतात. तिथे दोन महिने तुमच्या बंदुकीला कोणी तेल लावणार नाही. आमची एकदा परत आली तेव्हा तोंडापासून वीतभर लाल होती. आता जमा करायच्या आदल्या दिवशी आतून-बाहेरून ग्रीसचा जाड हात देतो, आणि पावतीवर बंदुकीची स्थिती लिहून द्यायची विनंती करतो. परत आल्यावर आधी नळी आतून पूर्ण पुसायची. ग्रीस आत ठेवून बार उडवणं धोक्याचं आहे.

दसऱ्याच्या पूजेनंतर डाग पडतात, ते कसे टाळायचे?

हळद-कुंकू, ओलं झेंडूचं फूल आणि पाण्याचे थेंब रात्रभर नळीवर राहतात, म्हणून. कोल्ड ब्लूइंगवर हे डाग जास्त उठतात. आमच्याकडे आई आता हळद-कुंकवाचं बोट दस्त्याच्या लाकडावर लावते, फुलं पाटावर नळीच्या बाजूला ठेवते, आणि आरती झाली की मी फडकं घेऊन बसतो.

केलेला रंग किती टिकतो?

खुंटीवरच्या बंदुकीवर काही वर्षं, रोज हातात असलेल्या बंदुकीवर जेमतेम एक हंगाम. पहिल्यांदा जातो तो जिथे डावा हात धरतो तिथून. माझ्या वडिलांची पकड दस्त्याच्या पुढे, नळीवर जरा वरच्या अंगाला असते. तिथे दर वर्षी मार्गशीर्षात दोन हात द्यावे लागतात, अर्ध्या तासाचं काम. बाकीची नळी चार वर्षांपूर्वी केली होती तशीच आहे.

जुनी बंदूक विकत घेताना तिला घरी ब्लूइंग केलंय हे कळतं का?

बऱ्याचदा कळतं. कोल्ड ब्लूइंगचा तो वास महिनोन्‌महिने राहतो. कोमट हाताने नळी जरा चोळा आणि तळवा हुंगा. शिवाय उन्हात तिरकी धरून बघा. कारखान्याचं काळेपण खोल आणि सारखं दिसतं, आपलं किंचित करडं किंवा तपकिरी झाक मारतं. घरी रंगवलेलं असणं हा दोष नाही, पण कशावर रंगवलंय ते बघा. निपलजवळ, पट्टीच्या कडेला आणि नंबराच्या जागी नख फिरवून खड्डे लागतात का, आणि नंबर परवान्यावरच्या नंबराशी अक्षर न्‌ अक्षर जुळतो का. नंबर धूसर असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.